लेन्सची ट्रॉली कशी लावायची

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पेशंट टेबलावर होता. कृत्रिम लेन्स जिच्यात बसवतात ती पातळ पिशवी (कॅप्सूल, म्हणजेच बॅग) मागच्या बाजूने फाटली आणि सरांनी पिशवीबाहेर बसवता येणारी थ्री-पीस लेन्स मागितली. लेन्स होती, पण कॉरिडॉरच्या टोकाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली जेवायला गेलेल्या सिस्टरच्या खिशात. मी धावले. किती मिनिटं गेली ते मोजलं नाही, पण मायक्रोस्कोपखाली तो डोळा तसाच, आणि सगळे हात थांबलेले, हे चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून ट्रॉली मी स्वतः लावते.

ट्रॉली घेताना आधी ओटीच्या दाराची रुंदी मोजा. चाकांना ब्रेक हवेत, दारं बंद होणारी हवीत आणि पृष्ठभाग जंतुनाशकाने पुसता यायला हवा. वरचा खण डोळ्यांच्या उंचीपेक्षा वर नको, कारण लेबल वाचता न येणारा खण असून नसल्यासारखा. उभी करताना ऑटोक्लेव्हपासून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रापासून, लांब ठेवा. वाफेने खोके मऊ पडतात, लेबलं सुटतात. ऊनही नको. हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरून ठेवणारी, लेन्स द्रावात बुडवलेली असते, ती गोठता कामा नये. तापमानाची मर्यादा खोक्यावरच छापलेली असते, तीच पाळायची.

आता मांडणी. खोकी पुस्तकांसारखी उभी लावा, पॉवर लिहिलेली बाजू बाहेर. १० ते ३० डायॉप्टर (लेन्सच्या पॉवरचं एकक), अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने, म्हणजे एका मॉडेलचे ४१ कप्पे होतात. १९ ते २३ सगळ्यात जास्त लागतात, त्यांना रुंद कप्पे द्या आणि कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ठेवा. टोकाच्या पॉवर खाली गेल्या तरी चालतं. एका ओळीत एकच मॉडेल, यात सूट नाही. दोन मॉडेलचे ए-कॉन्स्टंट, म्हणजे पॉवर काढताना वापरायचे ठरावीक आकडे, वेगळे असतात, त्यामुळे एकाची २१ म्हणजे दुसऱ्याची २१ नव्हे. मायनस पॉवर तर वेगळ्या ड्रॉवरमध्येच, लाल पट्टी लावून. प्लस ५ आणि मायनस ५ शेजारी ठेवणं म्हणजे चुकीला आमंत्रण. टोरिक लेन्सना सिलिंडरही, म्हणजे एका दिशेची जास्तीची पॉवरही, असते आणि त्या बहुधा एकेका पेशंटसाठी मागवलेल्या असतात. त्यांचा ट्रे वेगळा, वर केस नंबर आणि डावा की उजवा डोळा.

सगळ्यात वरचा ड्रॉवर अडचणीच्या वेळेसाठी. त्यात थ्री-पीस आणि अँटेरिअर चेंबर लेन्स (डोळ्याच्या रंगीत पडद्यापुढे बसणारी). नुसत्या ठेवून भागत नाही, त्यांचीही पॉवर आधी काढलेली हवी. सल्कसमध्ये, म्हणजे रंगीत पडद्यामागे पण बॅगच्या पुढे, बसवायची लेन्स बॅगमधल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक डायॉप्टर कमी लागते, आणि अँटेरिअर चेंबर लेन्सचा हिशोब तर वेगळाच. सकाळच्या लिस्टवर प्रत्येक केसपुढे हे तिन्ही आकडे सरांकडून लिहून घ्या. ऐनवेळी गणित करायला कुणाचं डोकं थाऱ्यावर नसतं.

आकडा बोलण्याचीही रीत ठेवा. मास्कमधून ‘बावीस’ आणि ‘तेवीस’ सारखेच ऐकू येतात, ‘साडेएकवीस’मधला ‘साडे’ मशीनच्या आवाजात विरून जातो. आम्ही आकडे सुटे बोलतो: ‘प्लस, दोन, एक, पॉइंट, पाच’. मी खोकं सरांसमोर धरते. ते मॉडेल, पॉवर आणि एक्सपायरी मोठ्याने वाचतात, मी लिस्टशी ताडून पाहते, मगच सील तोडते. १ डायॉप्टरची चूक झाली तर चष्म्यात साधारण ०.७ चा फरक पडतो. आपल्या दोन मिनिटांच्या घाईपायी पेशंटने तो फरक का सोसावा?

एक्सपायरी लवकरची ती पुढे. तीन महिन्यांच्या आत संपणारी खोकी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाजूला काढते आणि बदलून मागते.

लेन्स वापरली की खोक्यातले स्टिकर तिथल्या तिथे लावायचे: एक केसपेपरवर, एक पेशंटच्या कार्डवर, एक रजिस्टरमध्ये. त्यावर सिरियल नंबर असतो. पुढे कधी त्या लेन्सची तक्रार आली तर शोध याच नंबरावरून लागतो. ‘नंतर लावू’ म्हटलेला स्टिकर एप्रनच्या खिशातच राहतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणि रिकामा कप्पा रिकामा दिसू द्या. शेजारचं खोकं सरकवून जागा भरू नका. मी तिथे पॉवर लिहिलेलं पिवळं कार्ड उभं करते. संध्याकाळी ट्रॉलीला कुलूप लावण्याआधी ती कार्डं गोळा करते. तीच दुसऱ्या दिवशीच्या मागणीची यादी.