वाईहून पुण्याला गाडीनं जाऊन त्याच दिवशी परत: वेळेचं आणि रस्त्याचं गणित

वाई ते पुणे हे अंतर स्वारगेट धरलं तर साधारण ८५ ते ९० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर दोन तास पुरतात. पण या दोन तासांतला शेवटचा अर्धा तास शहराच्या तोंडाशी जातो आणि दिवस बिघडतो तो तिथेच. चुकीच्या वेळी नवले पुलाशी पोहोचलात तर त्या अर्ध्या तासाचा सव्वा तास होतो. दवाखान्यातला नंबर जातो, दुकानं दुपारची बंद होतात आणि परतताना ऐन गर्दीत घाट लागतो. म्हणून आखणी निघण्याच्या वेळेपासून करू नका. आधी परतायची वेळ ठरवा.

परतायच्या दोनच वेळा चांगल्या. एक, दुपारी चारच्या आत नवले पूल मागे टाकायचा. दुसरी, रात्री साडेआठनंतर निघायचं. मधल्या वेळेत ऑफिसं सुटतात, बाह्यवळणावर सगळी वाहनं एकत्र येतात आणि पुढे खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या रांगेत अडकायला होतं. घरची म्हातारी माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल तर चारची वेळच धरा.

आता तिथून मागे मोजत या. समजा एरंडवण्यात साडेदहाला डॉक्टरांची वेळ आहे. केसपेपर आणि गाडी लावणं यांना अर्धा तास, म्हणजे दहाला दारात हवं. सकाळी नऊ ते अकरा ही शहरातली सगळ्यात वाईट वेळ. सातला वाई सोडलीत तर नवले पुलाशी बरोबर पावणेनऊच्या सुमाराला पोहोचाल, म्हणजे गर्दी सुरू होताना. सहाला निघालात तर सव्वासहा-साडेसहाला सुरूर, सातच्या आत शिरवळ, सव्वासातला खेड शिवापूरचा टोलनाका आणि पावणेआठच्या आत नवले पूल. सव्वाआठला तुम्ही एरंडवण्यात असाल, गाडी सावलीत लागलेली असेल आणि निवांत नाश्ता होईल. तासभर लवकर उठण्याची किंमत इतकीच. थांबायचं असेल तर शिरवळ ते कापूरहोळ या पट्ट्यात एकदाच, पंधरा मिनिटं. वयस्कर माणसांना पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरू द्या, पंपावर ती सोय असतेच.

वार निवडायची मोकळीक असेल तर मंगळवार ते गुरुवार. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईची गर्दी महाबळेश्वर, पाचगणीकडे येते. तुम्ही पुण्याहून वाईला परतता तेव्हा तीच तुमची दिशा असते. रविवारी संध्याकाळी हीच गर्दी उलटी पुण्याकडे जाते. सोमवारी लक्ष्मी रस्ता आणि आसपासच्या बऱ्याच दुकानांना सुट्टी असते, म्हणून खरेदीचा बेत असेल तर सोमवार टाळा. गणेशोत्सवात संध्याकाळी मध्यवस्तीतले रस्ते वाहनांना बंद होतात. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हाही शहरात गाडी घालण्यात अर्थ नाही.

आदल्या दिवशीचं काम

डिझेल-पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. जाऊन-येऊन १८० किलोमीटर, शहरात फिरणं ३० किलोमीटर, एकूण २१०. गाडी लिटरला १५ देत असेल तर १४ लिटर. वर पाच लिटर जास्त ठेवा, कारण घाटात तासभर थांबलं की नुसतं इंजिन चालू ठेवूनही तेल जातं. सीएनजी गाडीवाल्यांनी जरा नीट मोजावं. ६० लिटरच्या टाकीत साधारण आठ-नऊ किलो गॅस मावतो. किलोला २४ किलोमीटर धरले तरी २०० च्या आसपासच जमतं, म्हणजे गॅस जेमतेम पुरेल किंवा थोडा कमीच पडेल. परतताना पंपावरच्या रांगेत अर्धा तास घालवण्यापेक्षा पेट्रोलची टाकी अर्धी भरून ठेवलेली बरी.

टायरची हवा गाडी थंड असताना बघायची. पाच-दहा किलोमीटर पळवून मग हवा मोजली तर आकडा जास्त दिसतो आणि पंपवाला हवा काढतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावरचा आकडा धरा. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा दिलेला असतो. स्टेपनीतली हवा मात्र सगळे विसरतात. वर्षभर पडून असलेली स्टेपनी ऐन वेळी बसलेली निघते. जॅक आणि पाना जागेवर आहे का, आणि चाकाचा एखादा नट त्या पान्यानं हलतो का, हे घरासमोरच बघून घ्या. गॅरेजवाल्यानं मशीननं आवळलेला नट घाटात हातानं सुटत नाही.

रेडिएटरच्या बाजूची कूलंटची बाटली किमान आणि कमाल या दोन रेषांच्या मध्ये भरलेली हवी. पावसाळ्यात वायपरचं रबर बघा. परवाना, आरसी, विमा, पीयूसी हे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असेल तरी चालतं, पण पीयूसीची तारीख उलटलेली नाही ना, हे तपासा. फास्टॅगमध्ये पैसे रात्रीच भरा. नाक्यावर उभं राहून भरलेले पैसे लगेच दिसतीलच असं नाही. टॅग बंद असेल आणि रोख दिलीत तर टोल दुप्पट पडतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं दिला तर सव्वापट.

सुरूरमार्गे गेलात तर वाटेत एकच टोलनाका लागतो, खेड शिवापूरचा. आणेवाडीचा नाका पाचवडच्या पुढे साताऱ्याच्या बाजूला आहे, तो लागत नाही. २४ तासांत परत आलात तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल कापला जातो. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, मेसेज मात्र तपासून घ्या. महिन्यातून चार-पाच फेऱ्या होत असतील तर खासगी गाडीसाठीचा वार्षिक पास विचारात घ्या. तो १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडायला सुरू झाला. महिन्याला चार फेऱ्या म्हणजे वर्षाला ९६ वेळा नाका ओलांडणं, त्यात पास वसूल होतो. वर्षातून तीन-चारदाच जाणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

दवाखान्याचं काम असेल तर

रक्ताच्या साध्या तपासण्या पुण्यात जाऊन करू नका. डॉक्टरांना फोन करून कोणत्या हव्यात ते विचारा, वाईतच दोन दिवस आधी करून घ्या आणि रिपोर्ट घेऊनच निघा. यात पुण्यातले दोन-तीन तास वाचतात, शिवाय उपाशीपोटी प्रवास टळतो. उपाशीपोटी जावंच लागणार असेल आणि माणूस मधुमेहाचा असेल, तर सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं की नाही हे आदल्या दिवशी डॉक्टरांनाच विचारा. साखर आणि बिस्किटाचा पुडा हाताशी ठेवा.

ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते. लोक घरून निघताना तांब्याभर पाणी पितात आणि शिरवळच्या पुढे त्यांचे हाल सुरू होतात. पाणी दवाखान्यात पोहोचल्यावर, नंबर कधी लागणार हे विचारून मग प्यायचं. जुनी फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड पिशवीत हवंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवायचं असेल तर रेशनकार्डही मूळ लागतं, नुसत्या झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका.

रस्त्यावर सांभाळायच्या दोन जागा

पहिली खंबाटकी. पुण्याकडे जाणारी वाहतूक इथे बोगद्यातून जाते आणि येणारी जुन्या घाटानं चढते. बोगदा संपला की उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आहे. अपघात व्हायचे ते इथेच, कारण बोगद्यातल्या सरळ रस्त्यावर वेग वाढलेला असतो आणि उजेडात आल्याआल्या वळण समोर येतं. बोगद्याआधीच दिवे लावा, तिसऱ्या गिअरवर या, आतून बाहेर पडेपर्यंत ओव्हरटेक नको. नव्या सहापदरी बोगद्याच्या कामामुळे इथल्या मार्गिका बदलत आल्या आहेत, तेव्हा नकाशापेक्षा रस्त्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवा.

दुसरी जागा नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. हा लांबलचक उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गाडी न्यूट्रलला टाकतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली पुलाशी ते लागेनासे होतात. तुमच्या हातात एवढंच आहे: स्वतः खालच्या गिअरवर उतरा, मागच्या आरशात सतत लक्ष ठेवा आणि भरलेल्या ट्रकच्या पुढे त्याच मार्गिकेत राहू नका. त्याला जाऊ द्या.

शहरात कुठून शिरायचं हे कामावर अवलंबून. कोथरूड, एरंडवणे, डेक्कनला जायचं तर बाह्यवळणानं वारज्यापर्यंत येऊन आत वळा. वाकड, हिंजवडीला सरळ बाह्यवळणानंच. स्वारगेट, बिबवेवाडी, ससूनकडे कात्रज चौकातून. हडपसरला जाणारे पुष्कळ जण कात्रज-कोंढवा रस्त्यात अडकतात. त्यांना कापूरहोळहून नारायणपूर, सासवड, दिवे घाट हाही रस्ता आहे. अंतर जास्त पडतं आणि माऊलींची पालखी दिवे घाटात असते त्या दिवशी तो बंद, एरवी विचार करण्यासारखा.

गाडी एकदाच लावा

पेठांमध्ये गाडी घेऊन दुकानादुकानांसमोर थांबायचा बेत करू नका. मंडईजवळ मिनर्वा आणि आर्यन ही महापालिकेची वाहनतळं आहेत, नारायण पेठेत हमालवाड्याचं आहे. अकराच्या आधी जागा मिळते, नंतर नशिबावर. रस्त्याकडेला लावायची झाली तर पी-१ आणि पी-२ च्या पाट्या वाचा. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. बाहेरगावच्या गाड्या उचलल्या जातात त्या बहुतेक या एका गोष्टीमुळे, आणि सोडवून आणण्यात दंडापेक्षा वेळ जास्त जातो.

दवाखाना कोथरूडकडे आणि खरेदी लक्ष्मी रस्त्यावर असेल तर गाडी दवाखान्याच्या आवारातच राहू द्या, चालत असेल तर. नळस्टॉप किंवा गरवारे कॉलेजला मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्गिका बदला आणि मंडई स्थानकात उतरा. तुळशीबाग तिथून चालत आहे. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून हे जमायला लागलं. म्हातारी माणसं असतील तर स्थानकात लिफ्ट विचारा, भुयारी स्थानकं खोल आहेत.

कामांचा क्रम असा: वेळ ठरलेलं काम पहिलं, मग त्याच्या जवळचं, वजनाची खरेदी सगळ्यात शेवटी. जुन्या दुकानांपैकी बरीच दुपारी एक ते चार बंद असतात. म्हणजे चारला पुणे सोडायचं तर खरेदी एकच्या आत संपवायला हवी, हे लक्षात घेऊन यादी छोटी करा. एका दिवसात एक वेळ ठरलेलं काम आणि दोन सुटी कामं होतात. चौथं घातलं की तिन्ही अर्धवट राहतात.

आणि एकट्याचं काम स्वारगेटच्या आसपास असेल तर गाडी काढूच नका, वाई आगारातून एसटी धरा. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढच्यांना मोफत. टोल, तेल आणि पार्किंग मोजलंत तर फरक उघड दिसेल.

परतताना

खंबाटकीचा चढ भरलेल्या गाडीला जड जातो. उन्हाळ्यात रांगेत चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर आधी एसी बंद करा. तरी उतरला नाही तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, धोक्याचे दिवे लावा, बॉनेट उघडा आणि अर्धा तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. पंक्चर झालं तरी वळणावर चाक बदलायला बसू नका. टायर गेला तरी चालेल, पण गाडी सरळ पट्ट्यापर्यंत हळूहळू न्या. महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८. फोनवर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितलात तर माणूस लवकर पोहोचतो.

घाट पूर्ण बंद असल्याचं कापूरहोळच्या आधी कळलं तर भोर, मांढरदेवमार्गे वाईला उतरता येतं. दिवसा आणि कोरड्या हवेतच हा रस्ता घ्या. पावसाळ्यात वर दाट धुकं असतं, वळणं अरुंद आहेत आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत तिकडे फिरकूच नये. कापूरहोळ मागे पडल्यावर कळलं तर शिरवळला जेवून घ्या आणि घाट मोकळा होण्याची वाट बघा.

सुरूर फाट्याला वेग आधीच कमी करून डावीकडच्या सेवा रस्त्याला लागा. उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाक्या इथे नेहमीच्या. पुढचा वाईपर्यंतचा रस्ता जुन्या वडांच्या रांगेतून जातो. ऊसतोडीच्या दिवसांत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात आणि पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात ते अजिबात दिसत नाहीत. वेग चाळीसवर आणा आणि समोरून दिवे आले की नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा.