अंधारबनला जाताय? आधी परतीचं बघा

ताम्हिणी घाटाजवळच्या पिंपरीहून भिऱ्यापर्यंतची ही जंगलातली पायवाट साधारण 13 किलोमीटर, बहुतेक उताराची. गोची एकच: गाडी पिंपरीत, तुम्ही भिऱ्यात. भिऱ्याहून परतीचं वाहन आधीच ठरवा, नाहीतर वाटेतल्या हिरडी गावातूनच मागे फिरा. धुकं नसेल तर कुंडलिका नदीची दरी सुरुवातीलाच दिसते.

पावसात ओढ्यातल्या काळ्या, गुळगुळीत दगडावर पाय टाकू नका, शेवाळ असतं. वाळूत किंवा खडबडीत दगडावर टाका. बॅगेचा कमरपट्टा सोडून ठेवा, पडलात तर ती झटकन काढता येते. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मुकाट्याने परता.

हिरडीनंतरच्या उतारावर सैल बुटात अंगठ्याचं नख काळं पडतं. तिथे लेस घोट्याशी आवळा.