लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन: उरणार किती, ते आधी विचारा

बाबांच्या लिव्हरमधली गाठ काढायची ठरली, तेव्हा माझा एकच घोशा होता, गाठ केवढी आहे? सर्जननी सीटीवर उजव्या भागावरून बोट फिरवलं. "हा जाणार. मला काळजी या डाव्या तुकड्याची आहे." तुमच्या घरात हे ऑपरेशन असेल तर तिथूनच सुरुवात करा.

किती टक्के लिव्हर उरेल, हे आकड्यातच विचारा. निरोगी लिव्हर 20 ते 25 टक्के उरलं तरी निभावतं. सिरोसिस, म्हणजे लिव्हर आधीच आकसून कडक झालेलं असेल तर 40 टक्क्यांच्या आसपास लागतं. कमी पडत असेल तर गाठीच्या बाजूची पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरला आतड्यांकडून रक्त आणणारी शीर, आधी बंद करून काही आठवडे थांबतात. तेवढ्यात दुसरी बाजू वाढते. आम्हीही थांबलो. कॅन्सर अंगात ठेवून नुसतं बसायचं, जीव नकोसा होतो. पण घाई करायला लावू नका.

ऑपरेशननंतर बिलिरुबिन (कावीळ किती ते सांगणारा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा) रोज वहीत लिहा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस ते चढतात. पाचव्या दिवशीही दोन्ही चढेच असतील तर राउंडला डॉक्टरांना गाठा, ही लिव्हर मागे पडल्याची खूण असू शकते. मी रोज सकाळी बाबांना खिडकीकडे तोंड करून बसवायचे आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय का ते बघायचे. घरी आल्यावर पोट फुगलं, ताप आला, दिवसा गुंगी राहिली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

काढलेल्या भागाच्या बायोप्सीच्या रिपोर्टात दोन गोष्टी शोधा: कापलेली कड स्वच्छ आहे का, आणि बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सर शिरलाय का. शिरला असेल तर तो परत येण्याचा धोका वाढतो.

परत येतो, हे मनाशी धरूनच चाला. लिव्हर चांगलं असताना ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक 5 वर्षं काढतात. पण त्याच 5 वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा गाठ होते. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी. हिपॅटायटिस बी असेल तर त्याची गोळी मनानं बंद करायची नाही. दारू कायमची बंद.

दीड वर्षानंतरच्या स्कॅनची तारीख पुढे ढकल म्हणून बाबा हटून बसले होते. "मला काही होत नाहीये." मी ऐकलं नाही. त्याच स्कॅनमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. या वेळी पोट उघडावं लागलं नाही, सुई घालून जाळता आली.