चित्र तिरकं दिसतंय? आधी प्रोजेक्टर हलवा, मग बटण दाबा

पडद्यावरचं चित्र वर रुंद आणि खाली अरुंद दिसलं की बहुतेकांचा हात थेट कीस्टोनच्या बटणाकडे जातो. तो शेवटचा उपाय आहे. कीस्टोन म्हणजे चित्र आतल्या आत आकसून चौकोनी करणं. त्यात पिक्सेल वाया जातात आणि एक्सेलमधली बारीक अक्षरं पुसट होतात. पुढचा पाय उचलून प्रोजेक्टर वर तोंड करून ठेवला की हा दोष येतो. त्यापेक्षा टेबलच उंच करा आणि भिंग पडद्याच्या डाव्या-उजव्या कडांच्या बरोबर मध्ये, पडद्याला काटकोनात ठेवा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. माहितीपत्रकात थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर २ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३ मीटरवर हवा. बारीक फरक झूमच्या कड्याने जुळवा, फोकस सगळ्यात शेवटी.

'नो सिग्नल' आलं तर आधी सोर्स तपासा: केबल एचडीएमआय २ मध्ये आणि निवड एचडीएमआय १ ची, हा घोळ नेहमीचा. मग विंडोज की आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. गरम दिव्याला वारा मिळाला नाही की त्याचं आयुष्य घटतं, आणि नवा दिवा स्वस्त नसतो. वीज वारंवार जाते तिथे छोटा यूपीएस जोडावा. मधेच आपोआप बंद पडत असेल, तर हवेची जाळी धुळीने तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.