डूम खेळायला सोर्स पोर्ट कोणता घ्यावा?

डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ हा राक्षसांना गोळ्या घालत पुढे जायचा गेम डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला होता. मूळ प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर किंवा मॅकवर थेट चालत नाही. पण तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याचा सोर्स कोड खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आला. त्या कोडवरून चाहत्यांनी आजच्या मशीनसाठी उभी केलेली इंजिने म्हणजे सोर्स पोर्ट. पोर्ट फुकट मिळतो. लेव्हल्स, चित्रे आणि आवाज असलेली वॅड फाइल मात्र खुली झाली नाही, ती वेगळी मिळवावी लागते.

‘सगळ्यांत भारी पोर्ट कोणता’ असे विचारत बसू नका. ज्या मॅपसाठी, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हल्ससाठी, पोर्ट हवा आहे तो मॅप कशावर तपासून बनवलाय, हे आधी बघा. ग्राफिक्सवर भुलून पोर्ट घेतला की चांगला मॅपही मोडका वाटतो.

१. वॅड फाइल

डूम आणि डूम २ स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांत विकत मिळतात. गेम इन्स्टॉल करून त्याच्या फोल्डरमध्ये ‘डॉट वॅड’ शोधा. नव्या आवृत्तीत एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी सापडू शकते. ‘रीरिलीज’ फोल्डरमधली सोडून ‘बेस’मधली घ्या. खात्रीसाठी आकार पाहा: डूम २ ची १.९ आवृत्ती १,४६,०४,५८४ बाइट्सची असते, अल्टिमेट डूमची (पहिल्या डूमची वाढीव आवृत्ती) १,२४,०८,२९२ बाइट्सची. आकार वेगळा असेल तर आवृत्ती वेगळी. खेळायला सहसा अडत नाही, पण जुने डेमो, म्हणजे खेळाची रेकॉर्डिंग, नीट चालतीलच असे नाही.

पैसे न घालता सुरुवात करायची तर शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटलेल्या नमुना, आवृत्तीत पहिल्या भागाच्या ९ लेव्हल्स आहेत. मात्र तिच्यावर चाहत्यांचे मॅप चढवायची मुभा नाही. त्यासाठी ‘फ्रीडूम’ ही चाहत्यांनी बनवलेली फुकट वॅड घ्या. चित्रे आणि लेव्हल्स वेगळ्या, पण डूम २ साठीचे बरेच मॅप त्यावर चालतात.

२. मॅपसोबतची टेक्स्ट फाइल वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग दरवाजा उघडत नाही म्हणून मॅपला नावे ठेवतात. मॅपच्या झिपमध्ये एक टेक्स्ट फाइल असते. तिच्यात ‘कोणते इंजिन लागेल’ अशा अर्थाची ओळ शोधा. तिथे साधारण पुढीलपैकी काहीतरी असते.

‘व्हॅनिला’ म्हणजे मूळ डॉस प्रोग्रॅमवर चालेल असा मॅप. ‘लिमिट रिमूव्हिंग’ म्हणजे नियम जुनेच, पण मूळ इंजिनच्या मर्यादा ओलांडलेल्या. मूळ इंजिनला एका दृश्यात जास्तीत जास्त १२८ व्हिजप्लेन, म्हणजे जमिनी-छतांचे तुकडे, पेलतात. त्याहून जास्त झाले की गेम थेट बंद पडतो. डूमच्या मूळ निर्मात्यांपैकी जॉन रोमेरोचा २०१९ चा ‘सिजिल’ हा मॅपसंच या लिमिट रिमूव्हिंग वर्गात येतो.

‘बूम’ हे टीमटीएनटी या चाहत्यांच्या गटाने १९९८ मध्ये काढलेले इंजिन. त्याने दरवाजे, लिफ्ट, सरकते पट्टे यांचे नवे प्रकार आणले. बूमचा मॅप जुन्या नियमांच्या पोर्टवर चढवला तर इंजिनला ते आकडे ओळखताच येत नाहीत. बटण दाबून काही होत नाही, किंवा ‘अननोन स्पेशल’ म्हणून गेम कोसळतो. ‘सनलस्ट’ हा मॅपसंच बूमसाठी आहे, ‘इव्हिटर्निटी’ एमबीएफसाठी. एमबीएफ आणि २०२१ चे एमबीएफ२१ या बूमच्याच पुढच्या पायऱ्या. आणि ‘जीझेडडूम’ लिहिलेले असेल, तर तोच पोर्ट लागतो, दुसरीकडे शोधाशोध करू नका.

३. आता पोर्ट

मूळ गेम जसाच्या तसा, ३२० बाय २०० मध्ये आणि जुन्या बगांसकट हवा तर चॉकलेट डूम. तोच गेम दुप्पट रिझोल्यूशनमध्ये आणि मर्यादा काढून हवा तर क्रिस्पी डूम. पण लक्षात ठेवा, क्रिस्पीवर बूमचे मॅप चालत नाहीत.

व्हॅनिलापासून एमबीएफ२१ पर्यंत सगळे एकाच ठिकाणी हवे तर वूफ किंवा डीएसडीए-डूम. नवख्याने वूफ घ्यावा, मेनू सोपा आहे. हजारो राक्षसांचे अवजड मॅप आणि डेमो रेकॉर्डिंग यासाठी डीएसडीए. जुने लेख पीआरबूम प्लस सुचवतात; त्याचे काम थांबले आहे आणि डीएसडीए त्याचाच वारसदार.

जीझेडडूम मॉडसाठी, म्हणजे गेमच बदलणाऱ्या भरींसाठी: नवी शस्त्रे, स्क्रिप्टिंग, वर-खाली बघणे, रंगीत प्रकाश. २०२५ मध्ये त्यातून यूझेडडूम वेगळा झाला, तोही याच कामाचा. मात्र दोन्हींचे नियम मूळ गेमपेक्षा वेगळे आहेत. मूळ डूममध्ये राक्षस उंचीला अमर्याद असतात, उडणाऱ्या कॅकोडीमनच्या खालून निसटता येत नाही, इथे येते. उडी चालू ठेवली तर मॅपकर्त्याने घातलेला अडथळा एका ढांगेत पार होतो. म्हणून साध्या मॅपसाठी उडी बंद करा आणि कम्पॅटिबिलिटीमध्ये ‘डूम, स्ट्रिक्ट’ किंवा ‘बूम, स्ट्रिक्ट’ निवडा. जुन्या लॅपटॉपवर हे दोन्ही अडखळतात, तिथे क्रिस्पी बरा.

४. बसवणे आणि चालवणे

झिप ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये उघडू नका, तिथे लिहायची परवानगी नसते आणि सेव्ह, सेटिंग हरवतात. प्रत्येक पोर्टला स्वतंत्र फोल्डर द्या. त्यात मूळ वॅड ठेवा आणि मॅपची वॅड पोर्टच्या प्रोग्रॅमवर ओढून सोडा.

मॅप चढला पण सुरू झाली मूळचीच पहिली लेव्हल? बहुधा डूम १ चा मॅप डूम २ वर चढला आहे. दोन्हींत लेव्हल्सची नावे वेगळी असल्याने इंजिनला बदल दिसतच नाही. ‘-आयवॅड’ या पर्यायापुढे योग्य फाइलचे नाव द्या (कमांड इंग्रजी लिपीत टाइप करायची). वॅड बरोबर असेल तर मॅप कोणत्या क्रमांकावर आहे ते टेक्स्ट फाइलमध्ये पाहा आणि ‘-वॉर्प’ने थेट तिथे जा.

वूफ आणि डीएसडीएमध्ये कम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे कोणत्या इंजिनचे नियम पाळायचे ते, तपासा. बऱ्याच नव्या मॅपमध्ये ती आतच लिहिलेली असते. जुन्यांत नसते आणि पोर्ट एमबीएफ२१ धरून चालतो. डीएसडीएत ‘-कॉम्प्लेव्हल’पुढे डूम २ साठी २, अल्टिमेट डूमसाठी ३, फायनल डूमसाठी ४, बूमसाठी ९, एमबीएफसाठी ११ आणि एमबीएफ२१ साठी २१. फरक बारीक नाही: मूळ गेममध्ये लेव्हलवर २० हून जास्त लॉस्ट सोल (उडत्या कवट्या) असले की त्या थुंकणारा पेन एलिमेंटल हा राक्षस नव्या थुंकत नाही. आकडा चुकला तर ही मर्यादा उठू शकते आणि खोली कवट्यांनी भरते.

चित्र बुटके दिसत असेल तर आस्पेक्ट रेशो करेक्शन चालू करा. ३२० बाय २०० चे चित्र जुन्या ४:३ पडद्यावर उभे ताणले जात असे, त्याच हिशेबाने ते काढले आहे. हालचाल झटक्याझटक्याने होत असेल तर ‘अनकॅप्ड फ्रेमरेट’ चालू करा. गेमचे गणित सेकंदाला ३५ वेळाच होते, मधल्या फ्रेम पोर्ट भरतो, त्यामुळे खेळ बदलत नाही. चॉकलेटमध्ये हा पर्याय शोधू नका, तो मुद्दाम ठेवलेला नाही. जीझेडडूममध्ये भिंती धुरकट वाटल्या तर टेक्स्चर फिल्टर बंद करा.

एका पोर्टचा सेव्ह दुसऱ्यात उघडेल असे धरू नका, आणि जीझेडडूमची आवृत्ती बदलली तर त्याचाही जुना सेव्ह अडू शकतो. मोठा मॅपसंच अर्ध्यावर असेल तर तो संपेपर्यंत अपडेट करू नका.