वेगवान गाडीची बारीक स्टेपनी: लांब निघण्याआधीची तयारी

225/40 आर18 टायरची (225 मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या 40 टक्के, चाक 18 इंची) भिंत जेमतेम 90 मिलिमीटर उंच असते. पावसात पाण्याखालचा खड्डा लागला की ही भिंत रिम आणि खड्ड्याच्या काठात चेपून फाटते, नाहीतर रिमच वाकतो. बाटलीतलं सीलंट इथे उपयोगाचं नाही. ते ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, खिळ्याच्या भोकापुरतं. टायरप्रेशर दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर कारला स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा 2020 मध्ये नियमांत आली. पण घाटातून कोकणात किंवा गोव्याला जाणार असाल तर स्टेपनी घ्याच, आणि घरच्या पार्किंगमध्ये ती एकदा गाडीला बसवून पाहा. पुढचे आकडे तिसऱ्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाविया आरएसचे, 18 इंची चाकांवरचे आहेत. गाडी दुसरी असेल तर आकडे मॅन्युअलमधून घ्या, क्रम हाच ठेवा.

आधी स्टेपनीचं माप. या गाडीला टी125/70 आर18 जुळते (टी म्हणजे तात्पुरत्या वापराचा टायर): पाच बोल्ट, 112 चा पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), मधलं भोक 57.1 मिलिमीटर. तिचा व्यास साधारण 632 मिलिमीटर आणि मूळ टायरचा 637, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत. गाडीवर 19 इंची 235/35 चढवले असतील तर मूळ व्यास 647 होतो आणि फरक सव्वादोन टक्क्यांपलीकडे जातो. स्वस्तात मिळते म्हणून दुसऱ्या गाडीची 16 इंची स्टेपनी उचलू नका. बोल्टची भोकं जुळतील, पण मोठ्या पुढच्या डिस्कवर कॅलिपरला (डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग) रिमच्या आत जागाच उरणार नाही.

ही जागा डोळ्यांनी जोखू नका, कणकेने मोजा. पुढचं चाक काढताना गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ‘पी’मध्ये राहिला तर उचललेलं चाक फिरणारच नाही. कॅलिपरच्या सर्वांत वरच्या कडेवर एक आणि तोंडावर एक अशा सुपारीएवढ्या घट्ट कणकेच्या गोळ्या चिकटवा. स्टेपनी चढवा, तीन बोल्ट हाताने आवळा, चाक सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा आणि उतरवा. घासून उरलेल्या कणकेची जाडी पट्टीने पाहा. ती तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ही स्टेपनी पुढे लावायची नाही, कारण भार आला की रिम आणि हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) दोन्ही किंचित लवतात आणि ही फट आणखी कमी होते. मागच्या चाकाची चाचणी याच्या उलट: गिअर ‘पी’, दगड पुढच्या चाकांना, हँडब्रेक सोडलेला.

जागा पुरली तरी पुढचं चाक पंक्चर झाल्यावर स्टेपनी पुढे लावू नका. मागचं एक चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. दोनदा जॅक लावावा लागतो, पाऊण तास धरून चला. ही मेहनत सोडू नका. या गाडीत इंजिनाचा जोर, स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा पुढच्याच चाकांवर आहे, आणि 125 मिलिमीटरच्या टायरला यातलं काहीच नीट पेलत नाही. शिवाय एकाच ॲक्सलवर दोन व्यासांची चाकं असली की डिफरेन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो. तो लिमिटेड स्लिप प्रकारचा (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारा) असेल तर त्याच्या प्लेटा तापतात आणि झिजतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेल्या, मागे रुंद टायरच्या गाडीत तर अदलाबदलही करता येत नाही. तिचं मागचं चाक गेलं तर सपाट ट्रॉलीवाला ट्रक बोलवा.

बोल्टांची स्वतंत्र पिशवी करा. चोरीविरोधी बोल्टची चावी, बोल्टवरच्या टोप्या काढायचा आकडा, 17 चा पाना हे तर हवंच. गाडीला स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या, हब आणि चाकामधल्या चकत्या) लावले असतील तर मूळ आखूड बोल्टही त्यात ठेवा. स्पेसरचे लांब बोल्ट स्टेपनीच्या पातळ पत्र्यातून आत जास्त घुसतात आणि हबच्या मागे टेकतात. वरून घट्ट वाटतं, चाक मात्र सैल असतं. बोल्टची बसणारी बाजूही पाहा: कंपनीच्या चाकांना गोल बसका, बाजारातल्या अलॉयला बहुतेकदा शंकूसारखा. एकाचे बोल्ट दुसऱ्यात घातले तर कडेवर टेकतात आणि थोड्या अंतरात सैल पडतात. एम14 बाय 1.5 चा बोल्ट हाताने निदान आठ फेरे आत गेला पाहिजे.

स्टेपनीत हवा 60 पीएसआय. इतक्या अरुंद टायरला गाडीचा भार हवेवरच पेलायचा असतो. पंपावर ‘स्टेपनी’ म्हटलं की सवयीने 35 वर मशीन थांबवतात, म्हणून आकडा स्वतः सांगा आणि आपल्या गेजने तपासा. दर दोन महिन्यांनी पाहा. टायरच्या कडेवरचे चार अंकही वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. कधीच रस्त्याला न लागलेला टायरही दहा वर्षांनी बदला.

बुटक्या केलेल्या गाडीखाली जॅक शिरत नाही. 25 मिलिमीटर जाडीची, दोन हात लांब फळी बरोबर ठेवा; त्या बाजूचं चांगलं चाक फळीवर चढवलं की जॅकला जागा होते. चिखलासाठी फूटभर चौकोनी प्लायवूडचा तुकडा जॅकखाली घाला. किनाऱ्याच्या दमट हवेत अलॉय हबला गंजाने चिकटतो, तेव्हा घरीच तारेच्या ब्रशने हबचं तोंड साफ करा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावू नका.

काढलेलं चाक कुठे ठेवणार, हे निघण्याआधी ठरवा. ते स्टेपनीच्या खोबणीत मावत नाही, आणि चौघं माणसं व सामान असेल तर डिकीतही नाही. जुनी चादर आणि पट्टा ठेवा; गरज पडली तर एका बॅगेला मांडीवर घ्यावं लागेल. द्रुतगती मार्गाच्या कडेला मात्र चाक बदलायला बसू नका. माणसांना कठड्यापलीकडे उभं करा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033.

स्टेपनी चढल्यावर कमाल वेग ताशी 80, डावी लेन, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चालू. ओल्या रस्त्यावर एबीएस लवकर कामाला लागतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने (एक सोडून एक) 120 न्यूटन-मीटरला आवळा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्यावर सुमारे 24 किलोचा जोर. 50 किलोमीटरनंतर थांबून पाचही बोल्ट पुन्हा तपासा, आणि मूळ चाक परत बसलं की टायरप्रेशरची नोंद नव्याने सेट करा.