विंगरचा बॅक होताना: परतीच्या ट्रायलआधी वाचा

कधीकाळी फुटबॉलमध्ये विंगवर, म्हणजे कडेने हल्ला करत, किंवा पुढे खेळून तुम्ही नाव कमावलं. मग गुडघा, नोकरी, लग्न किंवा नुसता कंटाळा, कशामुळे तरी खेळ सुटला. आता २७-३०च्या आसपास पुन्हा व्यावसायिक क्लबात शिरायचंय, पण पुढे नाही, मागे, बचावात. अशांसाठी हे लिहितोय. ऑफसाईड काय, बॅक फोर काय, ते तुम्हाला येतंच.

आधी कडू भाग उरकून टाकतो. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातली भरती १८ ते २५ वयाची असते. तेव्हा 'परत खेळतो, नोकरी लागेल' हे गणित बहुतेकांचं आधीच चुकलेलं असतं. तिशीत परतायचं तर हातात राहतो तो क्लबचा करार, तोही एका हंगामाचा. घरी हे स्पष्ट सांगून मगच बूट बाहेर काढा.

आता धीराची गोष्ट. जागा बदलून परतणं हा वेडेपणा नाही. वयाबरोबर आधी जातो तो पुन्हा पुन्हा मारायच्या ३० मीटरच्या धावेतला वेग. खेळ वाचायची नजर उलट वाढते. १९९० साली मधल्या फळीतून कप्तानी करत जर्मनीला विश्वचषक जिंकून देणारा लोथार माथेउस पुढे स्वीपर, म्हणजे बचावफळीमागचा शेवटचा राखणदार, झाला आणि ३९व्या वर्षी युरो २००० खेळला. आपल्याकडे मंदार राव देसाई हा एफसी गोवाचा लेफ्ट विंगर होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केलं आणि तिथून त्याची कारकीर्द लांबली. तो मध्ये थांबलेला नव्हता, हा फरक मात्र मोठा आहे.

थांबून, जागा बदलून परतणाऱ्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. त्यांचा फुटबॉल वेगळा, पण धडा तोच. टिम टीबो हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा. २००७ साली त्याला कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक मान, हाइसमन करंडक, मिळाला. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, मुख्य हंगामातला त्याचा शेवटचा सामना २०१२चा. त्यानंतर मे २०२१मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने त्याला टाइट एंड या नव्या जागेसाठी घेतलं. टाइट एंडला चेंडू झेलावा लागतो आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना समोरच्याला अंगाने रोखावंही लागतं. सराव-हंगामाच्या एकाच सामन्यानंतर, १७ ऑगस्टला, ३४व्या वर्षी त्याला सोडून दिलं. सगळीकडे फिरल्या त्या त्याच्या फसलेल्या रोखण्याच्या क्लिप. नवी जागा माणसाला नेमकी तिथे पकडते: चेंडू नसताना तो काय करतो.

जागा निवडताना फार डोकं लढवू नका. विंगर असाल तर साईड बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू. दहा नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे, खेळत असाल तर डिफेन्ससमोरचा मिडफिल्डर. उंची आणि हेडर असलेला स्ट्रायकर असाल तर स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पण स्टॉपरची एक चूक म्हणजे थेट गोल, त्यामुळे परतणाऱ्यावर क्लब तिथे सहसा विश्वास टाकत नाहीत. पुढे जे सांगतोय ते साईड बॅक धरून.

मूळ सापळा पाठीमागच्या माणसाचा आहे. यावर लांबण लावणार आहे, कारण बाकी सगळं सुधारतं आणि हे एकटं ट्रायल खाऊन टाकतं.

समजा तुम्ही राइट बॅक आहात आणि चेंडू पलीकडे, तुमच्या लेफ्ट बॅकच्या बाजूला आहे. तुम्ही आत सरकून साधारण दूरच्या खांबाच्या रेषेत यायचं. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. मग नकळत सगळं अंग डावीकडे, चेंडूकडे वळतं. छाती चेंडूकडे, पाय चेंडूकडे, डोळे चेंडूकडे. त्यांचा लेफ्ट विंगर आता तुमच्या पाठीशी आहे आणि तुम्हाला तो दिसत नाही. क्रॉस येतो, तुमच्या डोक्यावरून जातो, आणि मागून आलेला पोट्टा सहा यार्डांत मोकळ्या पायाने गोल टाकतो. बाकी ८९ मिनिटं तुम्ही कितीही सुंदर खेळलात तरी ट्रायल घेणाऱ्याच्या वहीत तेवढंच लिहिलं जातं.

हे आळसाने होत नाही. विंगरच्या पाठीमागे फक्त टचलाईन असते, बॅकच्या पाठीमागे माणूस असतो. दहा-बारा वर्षं तुम्ही दूरच्या खांबावर उभे राहून येणारा चेंडूच पाहिलात, आणि तेव्हा ते बरोबर होतं. मागून कोणी येणारच नव्हतं. ती सवय पायात मुरलेली असते. 'लक्ष ठेव' असं बाजूने ओरडून ती जात नाही. तिला वेगळा सराव लागतो.

पहिली दुरुस्ती पायांची. पाठ आपल्या गोलकडे, छाती तिरकी पण मैदानाकडे उघडी. डावा खांदा चेंडूच्या बाजूला, उजवा माणसाच्या बाजूला. खूण सोपी आहे: माणूस बघायला नुसती मान वळवून भागलं तर उभं राहणं बरोबर. कंबर फिरवावी लागली तर चूक.

दुसरी दुरुस्ती वेळेची, आणि इथे जाणकारही फसतात. मान वळवायची कधी? चेंडू त्यांच्या दोन खेळाडूंमध्ये प्रवासात असताना, किंवा चेंडूवाल्याने टच घ्यायला मान खाली घातली असताना. ही फट जेमतेम सेकंदाची असते. त्याने मान वर केली आणि मारायचा पाय मागे नेला की तुमची नजर चेंडूवरच हवी. नवखे नेमकं उलटं करतात. सगळा वेळ चेंडू बघतात आणि क्रॉस पायातून सुटल्यावर दचकून माणूस शोधतात. तोवर चेंडूचा अंदाजही जातो आणि माणूसही.

तिसरी दुरुस्ती अंतराची. चेंडू पलीकडच्या टचलाईनवर असताना तुमच्या माणसापासून आठ-दहा मीटर आत राहिलात तरी चालतं, कारण चेंडूला यायला वेळ लागतो. चेंडू पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत सरकला की हे अंतर हाताच्या टप्प्यावर आणा आणि माणूस व गोल यांच्या मध्ये उभे राहा. हाताच्या पाठीने त्याचा अंदाज घ्या, जर्सी धरू नका.

सरावाला चेंडू फेकणारा एक, धावणारा एक आणि तुम्ही, एवढे तिघे पुरतात. नागपुरात रेशीमबागेच्या मोकळ्या मैदानावर सकाळी सहाला हे सहज जमतं. बाजूने दहा चेंडू. मागचा गडी दर चेंडूआधी हाताची काही बोटं वर करतो. क्रॉस सुटण्याआधी तुम्ही आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग चेंडू काढायचा. आकडा चुकला किंवा उशिरा आला तर चेंडू काढलात तरी तो मोजायचा नाही. दहाचे चार सेट, आठवड्यातून तीन वेळा. पहिल्या आठवड्यात धावणारा चालत येईल, दुसऱ्यात हलका पळेल, तिसऱ्यापासून पूर्ण वेगात, कधी पुढून कधी मागून. चौथ्या आठवड्यापर्यंत तुमची अवस्था आधीपेक्षा वाईट वाटेल. डोकं इतकं मागे जातं की चेंडूचं टायमिंग बिघडतं. घाबरू नका, ते परत येतं. याच टप्प्यावर बरेच जण 'आपल्याला पुढेच जमतं भाऊ' म्हणून सोडून देतात.

समोरासमोरच्या लढतीबद्दल थोडक्यात: झेप घेऊ नका. दीड-दोन मीटर अंतर, गुडघे वाकलेले, त्याला बाहेर टचलाईनकडे जायला भाग पाडा. विंगर म्हणून जे बॅक तुम्हाला नकोसे वाटायचे ते सगळे असेच खेळायचे, आठवून बघा.

संध्याकाळच्या सेव्हन-ए-साईडबद्दल, म्हणजे सात-सात जणांच्या सामन्यांबद्दल, माझं मत टोकाचं आहे. परतीच्या काळात ती बंद. बहुतेक ठिकाणी त्यात ऑफसाईड नसतो. ऑफसाईड नसला की डिफेंडर गोलपाशी चिकटून उभा राहायला शिकतो आणि बचावाची लाईन वर, पुढे ढकलायची सवय मोडते. शिवाय तिथे सगळे तुम्हाला ओळखतात. एक गोल खाल्ला की कप्तान म्हणतो, जा बे पुढे. तुम्ही जाता, गोल टाकता, टाळ्या मिळतात आणि महिन्याची मेहनत वाहून जाते. कामठी असो की नागपूर, अकरा-अकराचा लीग सामना मिळत असेल तर दुय्यम संघाकडून खेळा, पण मागे खेळा. संघात शिरतानाच हे ठरवून घ्या.

आता गुरूंबद्दल. ज्याने तुम्हाला तुमच्या भरात पाहिलं तो प्रशिक्षक या कामाला सर्वांत वाईट. प्रेमाने संधी देतो, आणि तुमच्यात जुना खेळाडूच बघतो. टीबोला घेणारा अर्बन मायर हा फ्लोरिडातला त्याचा कॉलेजचाच प्रशिक्षक होता. जुन्या सरांच्या पाया पडा, त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या. पण शिकायला तुम्हाला कधीही खेळताना न पाहिलेला माणूस शोधा, शक्यतो स्वतः बॅक खेळलेला. तोंडावर 'तू बॅक नाहीस' म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

पैसे घेऊन ट्रायल लावून देणाऱ्यांपासून लांब राहा. ज्या क्लबला बॅक हवा आहे तो तुमच्याकडून पैसे मागत नाही. एवढंच.

शरीराचं काम निराळं आहे. विंगरचं शरीर सरळ पळायला तयार झालेलं असतं. बॅकला आडवं सरकावं लागतं, मागे पळता पळता वळावं लागतं. त्यामुळे परतणाऱ्याची जांघ आधी जाते, मग मांडीची मागची शीर. जांघेसाठी कोपनहेगन व्यायाम (कुशीवर आडवं होऊन, वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि अंग उचलायचं), शिरेसाठी नॉर्डिक. नॉर्डिकमध्ये गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, अंग ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाचचे दोन सेट. दुसऱ्यात दोन दिवस, सहाचे दोन. तिसऱ्यात तीन दिवस, सहा ते आठचे तीन. चौथ्यात आठ ते दहाचे तीन, आणि पाचव्यापासून १२, १०, ८. पहिल्याच दिवशी जोश दाखवलात तर दोन दिवस जिना उतरता येणार नाही.

दम मोजायला यो-यो चाचणी: २० मीटर जाऊन येणं, मध्ये १० सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. पहिल्या स्तराच्या चाचणीत २,००० मीटरच्या आत थांबत असाल तर माझ्या मते ट्रायलला जाऊ नका. तिथे थकल्यावर पहिली बंद पडते ती मान वळवण्याची सवय, पाय नंतर.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या घरात जातो. तेव्हा पाया रचायला घेतला तर आजारी पडाल. उन्हाळ्यात करावंच लागलं तर सातच्या आत उरका. आधी आणि नंतर वजन करा, जितके किलो घटले त्याच्या दीडपट लिटर पाणी दिवसभरात परत प्या, त्यात लिटरला एक पाकीट या मापाने ओआरएस असू द्या. टणक मैदानावर आखूड, एकसंध स्टडचेच बूट घाला, लोखंडी लांब स्टड गुडघा खातात. सरावानंतरचे तर्री पोहे चालतील, ट्रायलच्या आदल्या रात्रीचं सावजी नाही.

गुडघा बोलतोय म्हणून कोर्टिझोनसारखं इंजेक्शन घेऊन मैदानात उतरायचा सल्ला कोणीतरी देईलच. २०२२पासून या वर्गातल्या औषधांची सगळ्या प्रकारची इंजेक्शनं स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत. वैद्यकीय गरज असेल तर डॉक्टरला आपण खेळाडू आहोत हे आधी सांगा आणि कागद जपून ठेवा. जिममधल्या बिननावाच्या पावडरीला तर हातच लावू नका.

क्लबला पाठवायचा व्हिडिओ हीसुद्धा फसायची जागा. जुन्या गोलांची मालिका पाठवू नका. त्यांना बॅक बघायचाय. नव्या जागेवरचा एक पूर्ण सामना द्या. मोबाईल धरणारा मित्र चेंडूमागे कॅमेरा फिरवतो आणि चेंडू पलीकडे असताना तुम्ही कुठे उभे होतात हे दिसतच नाही. तो ट्रायपॉडवर, मध्यरेषेजवळ, गच्चीवर किंवा पायऱ्यांवर उंच ठेवा. चौकट इतकी रुंद ठेवा की चारही बॅक सतत दिसतील. हाच व्हिडिओ स्वतः बघताना फक्त स्वतःकडे बघा आणि मान किती वेळा वळली ते मोजा.

खेळाडूची नोंदणी एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या नोंदणी प्रणालीत क्लबमार्फत होते. जुन्या क्लबने तुम्हाला तिथून मोकळं केलंय का, हे ट्रायलच्या महिनाभर आधी त्यांच्या सचिवाला विचारा. निवड झाल्यावर विचारलं तर नवा क्लब वाट बघत नाही.

ट्रायलच्या दिवशी फॉर्मवर जागेच्या रकान्यात एकच जागा लिहा. 'राइट बॅक / विंगर' असं लिहिलंत तर तुम्हाला विंगवर टाकतील आणि समोर १९ वर्षांचा बॅक असेल. पहिल्या दहा मिनिटांत पुढे धावू नका, साधे पास द्या, स्टॉपरशी सतत बोला. लाईन वर घ्यायची हाक तुम्हीच दिलीत तर कठड्याशी उभ्या प्रशिक्षकाला ती ऐकू जाते. शेवटच्या वीस मिनिटांत कोणी पुढे जायला सांगितलंच तर जा, वाद घालू नका. मात्र चेंडू गेला की सर्वांत आधी मागे पळत आलेले तुम्ही दिसायला हवेत.